खंबाटकीत तेल गेलं: एका एस्टीमच्या नोंदी

गाडी: मारुती एस्टीम, २००३ चं मॉडेल, पेट्रोल, १२९८ सीसी. बाबांनी नवी घेतलेली. मीटर १,४२,६१८. मुक्काम सातारा, घरामागची पत्र्याची शेड.

१७ जून २०२३, शनिवार, रात्री

आज पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. उद्यापर्यंत डोकं यातलं निम्मं आपल्या सोयीने बदलून टाकेल, म्हणून झोपण्याआधी लिहितोय.

खंडाळा मागे पडलं, घाट सुरू झाला. तिसरा गिअर, पुढे दोन लोडेड ट्रक, त्यांना ओलांडायला पाय जरा जास्तच दाबलेला. उजव्या वळणावर दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. मी मनात म्हटलं, वीस वर्षांची वायरिंग, कुठेतरी हललं असेल. तीनशे-चारशे मीटर गेलो. पुन्हा वळण आलं, आणि या वेळी दिवा लागला तो लागलाच. क्लच दाबला, किल्ली एकच खण मागे घेतली. पूर्ण मागे घेतली असती तर स्टिअरिंग लॉक व्हायची भीती. त्या दोन-तीन सेकंदांत वरून टक-टक असा बारीक आवाज आला. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूचा वाटला. खालून धडधड नव्हती, याची मला खात्री आहे. निदान आत्ता तरी आहे.

दिवा कायम लागल्यापासून इंजिन बंद होईपर्यंत पाच-सहा सेकंद. लुकलुकण्यापासून मोजलं तर पंचवीस-तीस.

चढ होता म्हणून बरं. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक एक-दोनदाच नीट लागतो, मग पेडल दगड होतं. उतारावर असतो तर आधी तेच निस्तरावं लागलं असतं. गाडी वेगात होती तेवढ्यात डाव्या कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले.

बॉनेटच्या फटीतून पांढरट धूर येत होता. सायलेन्सरच्या पाइपवर तेल पडून जळत होतं. धूर थांबेपर्यंत बॉनेटला हात लावला नाही. गाडीत आग विझवायचा सिलिंडर नाही, घ्यायचा आहे. दहा मिनिटांनी डिपस्टिक ओढली. कोरडी. पुसून परत घातली, परत कोरडी.

एक ट्रकवाले काका थांबले. पाच लिटरचा अर्धा कॅन त्यांच्याकडे होता. "टाका तेल, मारा सेल्फ, साताऱ्यापर्यंत आरामात जाल," म्हणाले. माणूस मनापासून मदत करत होता आणि मी क्षणभर हललोही. पण तेल कुठून गेलं तेच माहीत नव्हतं. जिथून आधीचं गेलं तिथूनच हेही जाणार, आणि मी ते चढावर लोड देऊन घालवणार. नको म्हटलं. "तुमची गाडी, तुमचं मन," म्हणून ते गेले.

वारीचे दिवस, टोइंगची गाडी तीन तासांनी शिरवळहून आली. ४,५०० रुपये. चढवताना गिअर न्यूट्रलमध्ये आहे की नाही ते दोनदा हलवून बघितलं. गिअरमध्ये राहून चाकं फिरली असती तर कोरडं इंजिनही फिरलं असतं.

१८ जून, रविवार

सकाळी गाडी जॅकने उचलून घोड्यांवर ठेवली. कारण सापडायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत, आणि सापडल्यावर मी त्याहून जास्त वेळ नुसता बसून होतो.

चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, शाबूत. ड्रेनचा नट घट्ट. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) सीलजवळ कोरडं. ऑइल फिल्टरच्या तोंडापासून खाली मात्र सगळं न्हालेलं. फिल्टर खोलला. फिल्टरला एक रबरी रिंग, आणि ब्लॉकच्या तोंडाला चिकटलेली आणखी एक.

तेल मीच बदललं होतं, चौदा तारखेला, याच शेडमध्ये. जुना फिल्टर निघाला तेव्हा त्याची रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली. मी तिथे बोट फिरवून पाहिलं नाही आणि नवा फिल्टर तिच्यावरच आवळला. रबरावर रबर. फिल्टरच्या खाचेत एकच रिंग धरून बसते, दुसरीला धरायला काहीच नसतं. गावातल्या गावात ते टिकलं. घाटात फेरे वाढले, तेलाचा दाब वाढला आणि रिंग एका अंगाने बाहेर सरकली. जिथे सरकली तिथे तिचा ओठ बाहेर आलेला स्पष्ट दिसतो.

एक गोष्ट आणखी लिहून ठेवतो, लाज वाटली तरी. पुण्यात पार्किंगमधून निघताना गाडीखाली तळहाताएवढं ओलं दिसलं होतं. एसीचं पाणी समजलो.

चेंबरमध्ये उरलेलं तेल बाटलीत मोजलं: ६५० मिली. घातलं होतं साडेतीन लिटर.

चेंबर दगडावर आपटून भोक पडलं तर तेल आपल्या वजनाने गळतं. फिल्टरकडून गळतं तेव्हा पंप स्वतः ते बाहेर फेकतो, जेवढे फेरे जास्त तेवढ्या जोरात. आणि तोपर्यंत दिवा गप्प असतो, कारण त्याला पातळी कळत नाही, फक्त दाब कळतो. बहुतेक गाड्यांत हा स्विच दाब ०.३ ते ०.५ बारपर्यंत घसरला तरच दिवा लावतो. म्हणजे पंपाच्या तोंडात हवा जायला लागल्यावर. वळणावरचं पहिलं लुकलुकणं तेच होतं: उरलंसुरलं तेल एका बाजूला गेलं, पंपाची तेल खेचायची जाळी उघडी पडली, वळण संपलं, तेल परत आलं. वायरिंगचा त्यात काही संबंध नव्हता.

१९ जून, सोमवार

बाबा सकाळपासून शेडच्या दारात. "अरे, गळती सापडली ना? मग तेल भर आणि लावून तर बघ. आवाजावरूनच कळेल."

"बाबा, आवाज आला तर उशीर झालेला असेल."

"आणि नाही आला तर?"

याचं उत्तर माझ्याकडे सकाळी नव्हतं. संध्याकाळी पेठेतले मिस्त्री येऊन गेले, त्यांनी ते दिलं. बेअरिंगचा शेल, म्हणजे क्रँकभोवतीची अर्धगोल पट्टी, थोडा चोळवटला असेल तर पहिल्या मिनिटाला आवाज येईलच असं नाही. तेल गरम होऊन पातळ झालं की येतो. तोवर त्या शेलचा भुगा तेलाबरोबर बाकीच्या बेअरिंगांत फिरून आलेला असतो. आता उघडलं तर कदाचित एक शेलचा सेट. लावून बघितल्यावर उघडलं तर क्रँक ग्राइंडिंगला. बाबांना मिस्त्रींचं पटलं. मी तेच म्हणत होतो, पण असो.

आजचं काम एवढंच: इंजिन हाताने फिरवणं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून चमचाभर तेल सोडलं आणि अर्धा तास थांबलो. गिअर न्यूट्रल. क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी लावून घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवलं. प्लग नसताना लागतं तेवढंच बळ लागलं. दोन पूर्ण फेऱ्या, कुठे अडकलं नाही, कुठे करकरलं नाही. पकडलेलं, म्हणजे आतून जाम झालेलं इंजिन इथेच सांगतं. आपलं पकडलेलं नाही. पण पकडलेलं नाही म्हणजे शाबूत आहे असं नाही, हे मिस्त्री जाता जाता दोनदा म्हणाले.

२१ जून, बुधवार

तीन दिवस वापरलेला नवा फिल्टर कापला, आणि तेही चुकीच्या हत्याराने. हॅक्सॉ चालवला, त्यामुळे पत्र्याचा बारीक भुगा कागदावर सांडला. आता कुठला भुगा इंजिनचा आणि कुठला माझा? लोहचुंबक फिरवलं. चिकटला तो करवतीचा. बेअरिंगच्या शेलचा वरचा थर चुंबकाला चिकटत नाही.

फिल्टरचा कागद पट्टीपट्टीने सोडवला, कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये पिळला आणि उन्हात धरला. पाऊस अजून आलेला नाही, उन्हाची कमी नाही. बहुतेक स्वच्छ. पण तीन ठिकाणी चंदेरी ठिपके, मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या भागाएवढे. चुंबकाला दाद देत नाहीत.

मिस्त्रींना फोन केला. "भरपूर चकाकी असती तर मी म्हटलं असतं इंजिन उतरवा. काहीच नसतं तर म्हटलं असतं बांधा. तीन ठिपके म्हणजे चेंबर उतरवा."

२५ जून, रविवार

पाऊस आला. दुपारी बातम्यांत म्हणाले की मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे मान्सून आज एकाच दिवशी पोहोचला. शेडचा पत्रा असा वाजतोय की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही.

मिस्त्री दिवसभर होते. पुढचा सायलेन्सर पाइप सोडवला (दोन नट गंजून एक झालेले, तासभर त्यातच गेला), मग चेंबर. चेंबरच्या तळाशी गाळ आहे, धातू नाही. बोटांत चोळून, कापडावर पसरून दोघांनीही पाहिलं.

तेल खेचायच्या पाइपच्या जाळीत मात्र जुन्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेले. कधीतरी कुणीतरी चेंबर बसवताना ट्यूब सढळ हाताने पिळली असणार. जादा आलेली वळी आत पडते आणि जाळीत जाऊन बसते. जवळपास पाव जाळी बंद होती. या अपघाताशी तिचा संबंध नाही, पण ती तशीच कितीतरी वर्षं चालत होती. पाइपचा ओ-रिंगही लाकडासारखा कडक झालाय. त्यातून पंप हवा ओढतो. नवा मागवला.

मग कनेक्टिंग रॉडच्या कॅप, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकवर धरून ठेवणारी झाकणं. कुठली उघडायची यावर चर्चा झाली. पंप पुलीच्या बाजूला, म्हणून सगळ्यात लांबची चार नंबरची उघडू, असं मिस्त्री म्हणाले. मी दोन नंबरचीही उघडायला लावली, तुलनेसाठी. खोलण्याआधी कॅपवर आणि रॉडवर रंगाच्या पेनने नंबर आणि दिशा लिहिली. कॅप आपल्याच रॉडवर, आपल्याच दिशेने परत गेली पाहिजे, त्यात तडजोड नाही.

दोन नंबर: राखाडी रंग एकसारखा, लांबीच्या पुसट रेघा. वीस वर्षांच्या इंजिनाला शोभतील अशा.

चार नंबर: रेघा जरा जास्त, एका कडेला नखाएवढा भाग आरशासारखा घासून गुळगुळीत झालेला. धातू ओढला गेलेला नाही, निळा-काळा डाग नाही, नख फिरवलं तर अडकत नाही. क्रँकचा तो भाग चकचकीत, त्यालाही नख लागत नाही.

हा गुळगुळीत भाग घाटातला की आधीचा? आम्ही दोघं बराच वेळ टॉर्च धरून पाहत राहिलो. मिस्त्री म्हणाले, मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

१ जुलै, शनिवार

प्लास्टिगेज पुण्याहून आलं. साताऱ्यात चार दुकानांत विचारलं, दोघांनी गास्केट काढून दाखवलं. हा मेणाच्या बारीक दोऱ्यासारखा प्रकार असतो. शेल आणि क्रँक कोरडे पुसायचे, दोऱ्याचा तुकडा आडवा ठेवायचा, कॅप टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायची, क्रँक तसूभरही हलवायचा नाही, परत खोलायची. दोरा जितका चपटा झाला तितकी फट कमी. रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायची.

दोन नंबर ०.०४ मिमी. चार नंबर ०.०५ पेक्षा किंचित जास्त. मॅन्युअलची मर्यादा ०.०८.

बांधायचं ठरलं. शेलना भरपूर तेल लावून कॅप आवळल्या, प्रत्येक वेळी पुली फिरवून बघितली. जाळी धुतली, नवा ओ-रिंग. चेंबरच्या कडेला सिलिकॉनची बारीक वात, तीही मी मिस्त्रींच्या नजरेखाली ओढली. "दात घासायचं पेस्ट नाही ते," असं ऐकून घेत. रात्रभर सुकायला ठेवलं.

वर रॉकर कव्हर काढून कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पाहिला, कारण हेडमध्ये तेल सगळ्यात शेवटी पोहोचतं आणि टक-टक तिथूनच आली होती. लोबवर ओरखडा नाही, रंग उडालेला नाही. तीन चंदेरी ठिपके कुठून आले ते अजून कळलेलं नाही.

२ जुलै, रविवार

तेल भरलं. स्वस्तातलं मिनरल २०डब्ल्यू-४०, कारण हे फार दिवस ठेवायचंच नाही. फिल्टर बसवण्याआधी ब्लॉकच्या तोंडावर बोट फिरवलं. मग बाबांनी फिरवलं. मग मिस्त्रींनी, हसत. फिल्टर अर्धा तेलाने भरून, रिंगला तेल चोळून, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा.

दिव्याचा स्विच काढून त्या जागी साधा काट्याचा प्रेशर गेज लावला. दिवा फक्त हो किंवा नाही सांगतो, आज आकडा हवा आहे. पेट्रोल पंपाची रिले काढली, कॉइलचा कनेक्टर काढला, प्लग अजून बाहेरच. म्हणजे सेल्फ मारला तर इंजिन फिरेल, पेटणार नाही, पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुणार नाही आणि कॉम्प्रेशनचा भारही बेअरिंगवर येणार नाही.

पहिला सेल्फ, दहा सेकंद: काटा शून्य.

एक मिनिट थांबलो, सेल्फची मोटर तापू नये म्हणून. दुसरा: शून्य. बाबा काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्याला सातव्या-आठव्या सेकंदाला काटा उडाला, १० पीएसआय, मग १८ वर जाऊन थांबला. चौथ्याला लगेच १८. वरचं झाकण उघडून पाहिलं तर रॉकरवर तेल आलेलं.

मग थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब: १२.०, १२.२, ११.९, ११.८ किलो. वयाच्या मानाने उत्तम, आणि चारही जवळजवळ सारखे. मिस्त्री म्हणाले पिस्टनची काळजी मिटली.

आज स्टार्ट केली नाही. पत्र्यावर पाऊस कोसळतोय. पहिल्या अर्ध्या मिनिटात कानच सगळं काम करणार आणि कानाला आज काही ऐकू येणार नाही. सहा दिवस थांबून मिस्त्रींची पुढची सुट्टी गाठायची.

८ जुलै, शनिवार

सकाळी सव्वासातला उघडीप. प्लग आणि कनेक्टर जागेवर, रिले अजून बाहेर. आधी पेट्रोलशिवाय एक सेल्फ, काटा वर आल्याची खात्री. मग रिले लावून चावी.

लगेच लागली. एक्सलेटरला हात नाही. गेज ५५ पीएसआय. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ब्लॉकवर एकेक ठिकाण ऐकत होते. वरून थोडी टिकटिक होती, ती पंधरा-वीस सेकंदांत गेली. खालून काही नाही. तीस सेकंदांनी बंद केली. खाली कोरडा पुठ्ठा अंथरला होता, त्यावर थेंब नाही. फिल्टर भरल्यामुळे पातळी खाली गेलेली, २०० मिली टाकलं.

दुसऱ्यांदा पाच मिनिटं. तिसऱ्यांदा रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत. खरी परीक्षा गरम तेलाची, थंड तेल घट्ट असतं आणि सैल बेअरिंगलाही पाठीशी घालतं. गरम झाल्यावर स्लोवर १५ पीएसआय, दोन हजार फेऱ्यांवर ३४, तीन हजारांवर ४५. दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय हा जुना ठोकताळा, त्याच्या बराच वर. रेस देऊन सोडली, त्या सुटण्याच्या क्षणी सैल रॉड ठोकतो. ठोकला नाही.

बाबा म्हणाले, "मी म्हणत होतो ना, काही झालेलं नाही."

१६ जुलै, रविवार

१०४ किमी झाले, सगळे गावात आणि कोरेगाव रस्त्यावर, अडीच हजाराच्या वर न नेता. तेल काढलं, फिल्टर काढला. ब्लॉकवर रिंग नाही, बोट फिरवलं. फिल्टर या वेळी मिस्त्रींच्या कटरने कापला. कागदावर एक ठिपका, तोही शंकास्पद. आता नेहमीचं तेल घातलं.

दिव्याचा स्विच टी-जोड लावून गेजशेजारी परत बसवला आणि त्याच्या वायरला एक छोटा बझर जोडला. दिवा दुपारच्या उन्हात दिसत नाही, कर्कश आवाज चुकत नाही. चावी ऑन केली की इंजिन लागेपर्यंत तो ओरडतो. बाबांना नापसंत. आग विझवायचा सिलिंडरही सीटखाली बसवला.

आतापर्यंतचा खर्च, टोइंग धरून, ११,३०० च्या आसपास. त्यात मिस्त्रींनी रविवारचे पैसे घेतलेले नाहीत, ते मी अजून देणं लागतो.

१३ ऑगस्ट, रविवार

पुण्याला जाऊन आलो. गेज अजून लावलेलाच आहे, पाइप लांब करून डॅशबोर्डपर्यंत आणलाय. दिसायला भयंकर. पुण्यात निघताना गाडीखाली ओलं होतं. गुडघे टेकून बोट लावलं, वास घेतला. एसीचंच पाणी.

खंबाटकी चढताना तिसरा गिअर, तेच वळण, ५२ पीएसआय. पुढच्या वळणावर ५१. मीटर १,४३,३९०.

बाबा बझर काढायला सांगताहेत. काढलेला नाही.